ईराच्या बाबांची फाइल

कागद पाहिला की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोच कागद पोस्टात टाकायची वेळ आली की ज्याचे हातपाय गार पडतात असा माणूसही तोच. ते म्हणजे आमच्या शेजारच्या ईराचे बाबा. त्यांना स्वतःचं नाव आहे, आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं असणार. पण इथे आयर्लंडमध्ये, शॅननमधल्या आमच्या गल्लीत ते कोणी वापरत नाही. शाळेच्या दारात, दुकानात, दिवाळीच्या फराळाला ते ईराचे बाबाच. आता तर कोणी नावानं हाक मारली तर ते मागे वळून दुसरं कोणी आहे का बघतात.

ते इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात व्हॅलिडेशनचं काम करतात. म्हणजे मशीन नीट चालतंय हे सगळ्यांना दिसत असलं तरी ते कागदावर सिद्ध करायचं, तेही लागोपाठ तीनदा. कारखान्यात ठीक आहे हो, तिथली नळी उद्या कोणाच्या तरी हृदयात जाणार असते. पण हा माणूस घरी नवा कुकर आणला तर तीन दिवस भात लावून शिट्ट्यांचा तक्ता करतो. एकदा माझ्याकडे पुरणपोळी खाल्ली आणि म्हणाले, "उत्तम झालीय वहिनी. पण अजून दोनदा अशीच झाली, तर खरी." मी दुसरी वाढलीच नाही. ईराची आई सांगते की लग्नाला होकार द्यायलासुद्धा ते तीनदा भेटायला आले होते, आणि तिन्ही वेळा तेच प्रश्न विचारले.

अशा माणसापुढे देवानं नेमका कोणता प्रश्न टाकावा? तर ईराच्या पासपोर्टचा. ईराचा जन्म इथलाच, आयरिश पासपोर्टवर तिचा हक्क. पण ती वर्षाची झाल्यावर यांनी काढला तो भारताचा. आपला देश दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. आयरिश घेतला की भारताचा जमा करायचा, तो रद्दचा शिक्का लागून परत येतो, आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा. ते आलं की आयुष्यभर भारतात येजा करा, पण नागरिक म्हणून नाही. लोक त्यालाच दुहेरी नागरिकत्व म्हणून पेढे वाटतात. आम्ही आमच्या चिरंजीवांचं हे सगळं फारसा विचार न करता उरकून टाकलं. शिक्का लागलेला तो जुना पासपोर्ट मात्र मी साड्यांच्या तळाशी ठेवलाय आणि सहसा उघडत नाही.

ईराच्या बाबांनी फॉर्म भरला तेव्हा ईरा तीन वर्षांची होती. आधी पेन्सिलनं, मग पेननं. फोटो काढले, गार्डा स्टेशनात जाऊन पोलिसाची साक्षीची सही घेतली, सगळं एका हिरव्या फाइलमध्ये घातलं आणि ती फाइल किचनमधल्या प्रेसमध्ये ठेवली. (इथे राहून कपाटाला प्रेस म्हणायची खोड लागलीय, माफ करा.) आता फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. सहा महिने झाले, फाइल जागची हलली नाही. मग नवा फोटो, नवा फॉर्म, पुन्हा तोच पोलीस. असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला त्या भल्या माणसानं फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "ही तीच मुलगी, की हिची मोठी बहीण?" बाद झालेले फोटो बाबांनी प्रेसच्या दारावर आतून ओळीनं चिकटवलेत. पहिल्यात दुधाचे दात, शेवटच्यात पुढचे दोन गायब. चहाची साखर काढायला दार उघडलं की पोर डोळ्यांदेखत मोठी होते.

विचाराल की एवढं अडलं कुठे? मीही विचारलं. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. एकेक धोका, त्यापुढे गांभीर्य, दहापैकी. 'ईरा क्रिकेटमध्ये आयर्लंडच्या बाजूनं ओरडेल : नऊ.' 'ईराला वर्ध्यात नगरसेवक व्हावंसं वाटेल : चार.' 'ईराला भारतात शेत विकत घेता येणार नाही : सहा.'

"अहो ईराचे बाबा, तुमचं शेत आहे का कुठे?"

"नाही. पण तिला घ्यावंसं वाटलं तर?"

मी हसत हसत एकेक ओळ वाचत खाली आले आणि शेवटच्या ओळीशी थांबले. तिथे लिहिलं होतं, 'मधल्या काळात बाबा.' पुढचा रकाना रिकामा.

बाबा म्हणजे त्यांचे वडील, वर्ध्याला एकटेच राहणारे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जुना पासपोर्ट गेला आणि कार्ड अजून आलं नाही, अशा मधल्या दोनएक महिन्यांत वडिलांना काही झालं तर ईराला घेऊन निघणार कसं, हा खरा पेच होता. तातडीचा व्हिसा मिळतो, मी म्हटलं. "मिळतो," ते म्हणाले, "पण तीनदा मिळवून कोणी पाहिलाय?" आणि लॅपटॉप मिटला. मला त्या माणसाची एवढी कीव आली, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. आम्ही फॉर्म भरताना हा विचार आमच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

सप्टेंबर उजाडला. ईराचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा होऊन संपत आला, आता इकडे की तिकडे ठरवणं भाग होतं. एका रविवारी मी डबा परत द्यायला गेले तर आजोबा व्हिडिओ कॉलवर होते. माझ्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "आजोबा, हे तुमच्यासाठी अडून बसलेत," आणि सगळं सांगून टाकलं. ईराचे बाबा सिंककडे तोंड करून धुतलेलाच कप धूत राहिले.

आजोबा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "काहून रे? मी मंधातच मरतो असं कोन्या फारमात लिहेल आहे काय?"

"बाबा, तसं नाही..."

"दोन महिने ना? दोन महिने मी कुठी जात नाही. शब्द देतो. पाठव तो कागद."

"असा शब्द देता येतो का, बाबा?"

"तुले पुरावा पाह्यजे ना? रोज देतो."

दुसऱ्या दिवशी फाइल पोस्टात पडली. लिफाफा पेटीत टाकल्यावर ईराचे बाबा पेटीच्या फटीत डोकावून बघत होते, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि पुरावा सुरू झाला. आम्ही दोन्ही घरं मिळून मुलांना एकाच गाडीनं शाळेत सोडतो. गाडी त्यांची, बडबड माझी. वर्ध्यात आजोबांचं जेवण आटोपायचं तेव्हाच आमची निघायची वेळ. रोज बरोब्बर तेव्हा फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा आणि गाडीभर आवाज घुमायचा, "आज बी आहो मी. ईरे, डबा संपवजो." कधी सोबत हवामान, कधी गुडघा, कधी भाजीवाल्याशी झालेलं भांडण. इथे 'ठीक आहे' म्हणायचं तर 'ग्रँड' म्हणतात, तसं मागच्या सीटवरून ईरा अस्सल इथल्या हेलात ओरडायची, "ग्रँड, आजोबा!" दोन महिने सरले, पासपोर्ट आला, पण कार्डाचा पत्ता नाही. आजोबांनी आपणहून मुदत वाढवली, "गाडी लेट आहे बाप्पा, कॅन्सल नाही."

डिसेंबरात ईराच्या आईनं मला सांगितलं की कार्ड येऊन आठवडा झाला. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसता बसताच म्हटलं, "काय हो, पेढे कुठेत? आजोबांना काय आनंद झाला असेल!"

ते काच पुसत राहिले. म्हणाले, "अजून सांगितलं नाही. फेब्रुवारीची तिकिटं काढलीत."

"मग सांगा की! थांबलात कशाला?"

"सांगितलं की मेसेज बंद होईल, वहिनी."

तेवढ्यात फोनवर मेसेज आला. "आज बी आहो मी," आजोबा म्हणाले, जरा खोकत. "थंडी पडली. ईरे, टोपी घालजो." ईरा मागून ओरडली, "ग्रँड, आजोबा!" आणि शाळा आली, मुलं उड्या मारत उतरली. ईराच्या बाबांनी तो मेसेज पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तीनदा झाला तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला आणि गाडी वळवली. एरवी मी चिडवलं असतं.

घरी येऊन मी पुण्याला आईला फोन लावला. "आज मंगळवारी कसा काय गं फोन?" ती म्हणाली. म्हटलं, काही नाही, तू आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.