आभाळावर घेतलेला आळ

बाबांचा डावा डोळा गेला तो आमच्या सगळ्यांच्या देखत गेला, आणि आम्ही त्या वेळी आभाळाला नावं ठेवत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवून सांगायची मला चीड आहे. रंगवायचं काम मी दिवसभर करतेच.

माझा धंदा आभाळं बदलण्याचा. बिल्डरांच्या जाहिरातींसाठी फोटो काढणारा एक फोटोग्राफर मला त्याचे फोटो पाठवतो. पाम बीच रोडकडचे टॉवर, खाली खाडी, मागे पारसिकचा डोंगर, आणि वर भांडी विसळलेल्या पाण्यासारखं आभाळ. सोबत एकच ओळ, 'मॅडम, जरा फ्रेश करा.' मग मी ते आभाळ कापून काढते आणि माझ्या साठ्यातलं एखादं बसवते. कोकणात गेले की बाकीचे देवदर्शनाला जातात, मी मान वर करून आभाळाचे फोटो काढत हिंडते, त्यामुळे साठा मोठा आहे. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. झालं कसलं डोंबल! क्रेनच्या दोरांमधून जुनं आभाळ डोकावत राहतं. टॉवरच्या काचांत नवे ढग दिसावे लागतात, खाडीचं पाणीही निळं करावं लागतं. उजेड ज्या बाजूचा, आभाळही त्याच बाजूचं लागतं, नाहीतर अख्खा फोटो खोटारडा दिसतो.

ही चूक बाबा पकडायचे. ते सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते, नोकरीभर ट्रेसिंग पेपरवर याच शहराचे नकाशे काढत आले. निवृत्त झाल्यावर आमच्या बेलापूरच्या फ्लॅटमध्ये माझ्या खुर्चीमागे उभं राहणं हा त्यांचा उद्योग झाला. मी माहेरीच राहते. का, ते इथे नको. फोटो तयार झाला की मी हाक मारायची, "बाबा, पास करा." ते हात मागे बांधून यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "ऊन पश्चिमेचं आणि ढग सकाळचे. नापास." मी वैतागायची आणि त्यांना फार आनंद व्हायचा. त्यांनी पास केल्याशिवाय एकही फोटो मी घराबाहेर पाठवत नसे.

एका हिवाळ्यात ते गॅलरीत उभे राहून म्हणायला लागले, "आज फारच मळलंय गं आभाळ."

त्यात खोटं काय होतं? डोंगरसुद्धा धड दिसत नव्हता. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांकडून तो आंबूस वास यायचा आणि आई धडाधड खिडक्या लावायची. "मेली हवाच नासलीय," ती म्हणायची. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासळी विकायला येणारी मावशी दारात टोपली उतरवताना तेच म्हणायची, "हवा खराब हाय गो, माजं पन डोलं चुरचुरतान." सोसायटीच्या ग्रुपवरही रोज हीच रड. बाबांचं गाऱ्हाणं त्या सगळ्यांत मिसळून गेलं.

रस्त्यावरचे दिवे लागले की ते मला बोलवायचे. "बघ, दिव्यांना खळं पडलंय. चंद्राला पडतं ना, तसं. रंगीत आहे." मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायची, "धूळ आहे बाबा, टेन्शन नका घेऊ." डाव्या भुवईवर ठणका लागायचा तेव्हा आई बाम चोळायची आणि कारखान्यांना शिव्या द्यायची. बाबा डोळे मिटून पडून राहायचे. एकदाही कोणी म्हटलं नाही की चला, डोळे दाखवून येऊ.

पावसाळा आला, हवा धुऊन निघाली. सगळ्यांचे खोकले थांबले. बाबांचं आभाळ मात्र मळलेलंच होतं. पण पावसाळ्यात आभाळ राखाडी नसणार तर काय गुलाबी असणार, असं मीच त्यांना ऐकवलं. ते हसले. मला आठवतं, हसताना त्यांनी डावा हात चहाच्या कपाकडे नेला आणि कप लवंडला.

त्यानंतर अशा बारीकसारीक गोष्टी वाढत गेल्या. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा घासायचा. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची, आणि आईला वाटायचं हल्ली त्यांना तिखट सोसत नाही. मग एक दिवस फोटोग्राफरचा फोन आला. "मॅडम, हे काय? एका फोटोत दोन दोन आभाळं?" मी फोटो उघडला. डाव्या कोपऱ्यात, क्रेनच्या मागे, जुन्या राखाडी आभाळाचा बोटभर पट्टा राहिला होता. तो फोटो बाबांनी पास केला होता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वय झालं गं आता." वय झालं म्हटलं की आपल्याकडे पुढचं कोणी विचारत नाही. मीही नाही विचारलं.

पुन्हा हिवाळा आला. एका सकाळी बाबा आंघोळ करून बाहेर आले ते उजवा डोळा टॉवेलने दाबत. साबण गेला होता. मी नुकताच एक फोटो संपवला होता, आणि आभाळ इतकं निळं बसवलं होतं की माझं मलाच जरा लाजल्यासारखं झालं होतं. जाता जाता ते खुर्चीमागे थांबले.

"यातलं बदलायचं राहिलंय का अजून?"

"काय राहिलंय?"

"आभाळ. राखाडीच आहे की."

मला वाटलं, थट्टा करतायत. मागे वळून पाहिलं. ते अगदी गंभीरपणे स्क्रीनकडे बघत होते, एका डोळ्याने.

"बाबा, टॉवेल काढा."

त्यांनी काढला. डोळा मिचकावला, पाणी पुसलं. "अरे, निळं आहे की!"

मी उठले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर माझा तळवा ठेवला. "आता?"

त्यांनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "हात काढ."

त्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, यंत्रं लावली, ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं. काचबिंदू. डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट अरुंद, म्हणून आत दाब चढत गेला आणि मागची नस मरत गेली. "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची का?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "दिसायची. आम्हाला वाटलं, हवेनं." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या कागदावर लिहू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डावा गेला होता, तो परत येणार नव्हता. उजवाही कडेकडेने खाल्ला गेला होता, पण लेझर आणि रोजचे थेंब यांनी तो टिकवता येईल असं त्या म्हणाल्या. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एक आहे ना," म्हणाले. मी तिथेच रडले आणि त्यांनीच मला रुमाल दिला.

मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "मुलगी ना तुम्ही? बसा इथे. हे घरात चालत येतं."

"मला काही त्रास नाहीये."

"बसा."

हनुवटी टेकवून मी बसले. त्या एका डोळ्यात बघत राहिल्या, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. "तुमचीही वाट अरुंद आहे," त्या म्हणाल्या. "नुकसान अजून काही नाही. पण दोन्ही डोळ्यांना लेझर करून घ्या. टाळू नका."

बाबा स्टुलावरून उठले ते ट्रॉलीला धडकले. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला दंडाला धरून खिडकीशी नेलं. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. "हे माझ्याकडून आलंय तुला," ते म्हणाले.

"काहीतरीच काय बाबा! लेझर केलं की संपलं, ऐकलंत ना?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी माझा एक डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

"तीन."

मग दुसरा डोळा झाकला. "आता?"

"दोन, बाबा."

"नीट बघून सांग."

बाकांवरची माणसं आमच्याकडे बघत होती. मी दर वेळी बरोबर सांगत होते, आणि ते रडत रडत पुन्हा विचारत होते.