आतला मार

रस्त्याकडेच्या बाभळीवर कुऱ्हाड घेऊन चढलेला मेंढका दिसला, की मी अजूनही गाडी हळू करतो. पोलिसातल्या नोकरीची शेवटची काही वर्षं मी तुळजापूर तालुक्यात काढली. तिथं अणदूरच्या बाजूच्या एका वस्तीवर घडलेलं प्रकरण त्याला कारण आहे. गुन्हा तसा लहान होता. खून नाही, दरोडा नाही. अकरा मेंढ्यांची चोरी. पण एका माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या अकरा मेंढ्यांत अडकलं होतं. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही.

तक्रारदार त्या भागातले मोठे शेतकरी. दीडएकशे मेंढ्यांचा कळप आणि तो राखायला सालानं ठेवलेला चाळिशीचा एक मेंढका. तो आणि त्याची बायको मालकाच्याच शेतात खोपीत राहत. एका मोजणीत अकरा मेंढ्या कमी भरल्या. मेंढक्याला धड काही सांगता येईना. मालकांनी ठाण्यात तक्रार दिली, चोरीचा गुन्हा दाखल झाला आणि संशयित म्हणून त्याचंच नाव आलं.

पाठोपाठ आमच्या खबऱ्यानं खबर आणली. आठवडी बाजारात या मेंढक्याला एका अनोळखी माणसाबरोबर बसलेलं त्यानं पाहिलं होतं. त्या माणसानं याला चहा पाजला, निघताना पाठीवर थाप मारली. सौदा झाल्याशिवाय परक्याला चहा कोण पाजतो, असं खबऱ्याचं म्हणणं. पोलिसाच्या कानाला ते पटण्यासारखं होतं.

चौकशीला बोलावल्यावर मेंढका वेळेवर हजर झाला. पळून जायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं की लांडगे आले, एक पांढरी घोडी बुजली आणि मेंढरं उधळली. दुसऱ्यांदा सांगितलं की व्यापाऱ्यांनी मेंढ्या टेम्पोत भरल्या, शेजारी पांढरी घोडी बांधलेली होती. तिसऱ्यांदा मेहुणा पांढऱ्या घोडीवरून आला आणि मेंढ्या घेऊन गेला. मेहुण्याकडे माणूस पाठवला, तर तो वर्षभर गाव सोडून हललेला नव्हता.

आमचे हवालदार वैतागले. "साहेब, ह्यो लई बेरकी हाय. काल लांडगं, आज टेम्पो, उद्या इमान उतरवील शेतात."

जबाब बदलणारा माणूस खोटं बोलतो, हा ठाण्यातला साधा आडाखा. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. पण खोटं बोलणारा माणूस आपलं कालचं खोटं सांभाळतो. याला कालचं काही सांभाळायचंच नव्हतं. कालचा जबाब समोर ठेवला की तोच आमच्यापेक्षा जास्त गोंधळायचा. "असं म्या म्हणलो व्हय?" असं विचारायचा आणि खाली बघत बसायचा.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. तिच्याकडून एक गोष्ट कळली. काही महिन्यांपूर्वी शेळ्या-मेंढ्यांना पाला तोडताना तो बाभळीवरून पडला होता. बराच वेळ शुद्ध नव्हती. "तवापासनं ह्येंचं ध्यान ऱ्हात न्हाय, साहेब," ती म्हणाली. "लोक म्हणत्यात दारू पितो. घोट बी घेत न्हाईत ओ. चालताना झोक जातो नुसता." दवाखान्यात नेलं होतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली की देवाला नेलं होतं, अंगारा लावला होता.

पुरवणी जबाबासाठी मी मालकांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांचा पुतण्या बसलेला होता, कॉलेजात जाणारा. त्यानं मला आपण काल सोलापूरला कोणाकोणाला भेटून आलो ते सविस्तर सांगितलं. तो आत गेल्यावर मालकीणबाईंनी चहा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "काल कुठंच गेला न्हवता तो. मागं मोटरसायकलवरनं पडलाय. डॉक्टर म्हणले, डोक्याला मार लागला की आठवण फाटती, मग मन आपलंच ठिगळ लावतं. ते खोटं बोलणं नसतंय. रागवायचं न्हाय, म्हणले."

मी कप खाली ठेवला. मालक ओसरीवर आले तेव्हा त्यांना मी मेंढक्याच्या पडण्याबद्दल विचारलं.

"पडला की," मालक म्हणाले. "पर तसं काय लागलं न्हवतं त्याला. रगात सुदीक आलं न्हाय. दुपारी उठून भाकर खाल्ली."

"तुमच्या पुतण्याला रक्त आलं होतं?"

मालकांनी पुतण्या गेला त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाय. आतनं मार व्हता."

पुढं मला काही विचारावं लागलं नाही. मालकीणबाई पदर सावरत आत निघून गेल्या.

मेंढक्याची वैद्यकीय तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात करून घेतली. मेंदूच्या पुढच्या भागाला जुनी इजा होती. डॉक्टरांनी सांगितलं की हा माणूस मुद्दाम काही लपवत नाही. मधलं विसरतो आणि रिकामी जागा जे सुचेल त्यानं भरतो. मात्र भरताना एखादा तुकडा खरा असू शकतो.

मग मी जबाबांत काय बदललं ते सोडून दिलं आणि काय बदललं नाही ते शोधलं. तिन्ही वेळा पांढरी घोडी होती. मालकांकडे घोडी नाही. टेम्पोवाले व्यापारी घोडी बाळगत नाहीत. आमच्याकडे घोडी असते ती फिरत्या मेंढक्यांकडे. त्यांचं बिऱ्हाड तिच्या पाठीवर असतं. आजूबाजूच्या ठाण्यांना निरोप दिले. परंड्याकडून उलटा फोन आला. तिकडं एका शेतात खतासाठी फिरती मेंढरं बसवली होती आणि शेजारी पांढरी घोडी चरत होती.

आम्ही पोचलो तेव्हा त्या कळपाचा म्हातारा मेंढका दचकला नाही. आमच्या मालकांची खूण म्हणून पाठीवर निळा पट्टा ओढलेल्या अकरा मेंढ्या त्यानं स्वतःच वेगळ्या काढून दाखवल्या. अणदूरकडून जाताना त्या त्याच्या कळपात मिसळल्या होत्या. दुसऱ्याचं जनावर असं कळपात मिसळलं तर ते विकायचं नाही, पुढच्या बाजारात सांगावा द्यायचा, ही त्यांची रीत.

"तुमच्याच मानसाला सांगितलं की बाजारात," म्हातारा म्हणाला. "चा पाजला. व्हय व्हय, येतो म्हणला. तवाधरनं वाट बघतुय. किती दिस चारायची ओ ह्यास्नी?"

हवालदार तोंड फिरवून हसले. खबऱ्यानं पाहिलेला सौदा तो हाच.

गुन्हा गैरसमजुतीनं दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला आणि प्रकरण मिटलं. मेंढक्याची नोकरी टिकली. बायको कळपाबरोबर जाऊ लागली, झाडावर चढणं बंद झालं, औषधं सुरू झाली. पुढं त्याची चाल बरीच सुधारली. स्मरण पूर्वीसारखं झालं नाही, पण गावानं त्याला दारुडा म्हणणं सोडलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. डोक्याच्या आतला मार कुणालाच दिसत नाही, गरिबाचाही नाही आणि श्रीमंताचाही नाही. फरक नंतर पडतो. एकाला गाडी मिळते, तपासणी होते आणि घरातली माणसं समजून घेतात. दुसऱ्याला अंगारा मिळतो, आणि शेवटी पोलीस ठाणं. एकाच मालकाच्या छायेत ही दोन्ही माणसं होती. माहिती ओसरीपर्यंत आली होती, खोपीपर्यंत पोचली नव्हती.

निवृत्तीनंतर एका नातेवाइकाला घेऊन मी सोलापूरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथं बाकावर तेच मालक बसलेले दिसले. शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक तरुण गडी. सकाळी कडब्याच्या गंजीवरून पडला होता आणि मालकांनी त्याला स्वतःच्या जीपमधून आणलं होतं. टॉवेलकडे पाहून मी विचारलं, फार रक्त गेलं का.

"रगात आलंच न्हाय, साहेब," मालक म्हणाले. "म्हणून तर आणलं."