लोकार्पणाआधीची फिट

"मॅडम, फीत कापल्याबिगर दार उघडता येत न्हाई," आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे पाटसजवळच्या एका सोसायटीचे चेअरमन. दार सोसायटीच्या नव्या अॅम्ब्युलन्सचं. आणि मांडववाला रंगनाथ सहा मिनिटं स्टेजसमोर फिटमध्ये झटके देत पडला होता.

मी दौंडला फिजिशियन आहे. रंगनाथ माझाच पेशंट. मांडवाच्या गडबडीत दोन दिवस त्याच्या गोळ्या राहिल्या होत्या. त्याला कुशीवर वळवलं, पण झटके थांबवणारं मिडाझोलाम अॅम्ब्युलन्समध्ये. आदल्या दिवशी मीच तिथं लावलेलं. माझी बॅग दवाखान्यात, कारण आज मी पाहुणी! स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

"फीत कापायला येनारं साहेब कासुर्डीपतूर आल्यात. पाच मिनटं."

कासुर्डीहून पाच मिनिटांत इथं फक्त विमानच येईल. बरं, आलंच, तरी पाच मिनिटं म्हणजे काय ते ऐका. मेंदूतल्या दोन पेशींच्या मधे बारीक फट असते. एक पेशी ब्रेक लावणारं रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते झेलतात. हे रिसेप्टर जागेवर पक्के नसतात. काही प्रोटीन त्यांना धरून ठेवतात, काही पेशीच्या आत ओढतात. फिट लांबली की धरणारी ढिली पडतात, ओढणारी जोर करतात. मिडाझोलाम याच रिसेप्टरवर काम करतं. तेच आत गेले, तर औषध देऊन उपयोग काय, कपाळ?

"आप्पा, उशीर झाला तर औषध लागू पडणार नाही!"

"व्हय, पण साहेबांचा मान हाय. तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला काय सांगायचं?"

रंगनाथची बायको सुनीता त्याचं डोकं सांभाळत बसली होती. ती ताडकन उठली. "मान घाला चुलीत!" म्हणाली, आणि एका हिसक्यात फीत तोडली.

तोवर बारा मिनिटं झाली होती. मिडाझोलाम दिलं. झटके चालूच. मग त्याच अॅम्ब्युलन्सनं दौंडला निघालो, वाटेत दुसऱ्या पद्धतीनं काम करणारं औषध सलाईनमधून सोडलं, तेव्हा कुठं दौंडच्या अलीकडं अंग सैल पडलं.

संध्याकाळी रंगनाथ शुद्धीवर आला. जीभ चावलेली, तरी पहिला प्रश्न, "सायेब आलं व्हतं का?"

"आलं की," सुनीता म्हणाली. "दोघांनी दोन टोकं धरली, आन् सायबांनी अॅम्ब्युलन्सच्या रिकाम्या जागंपुढं फीत कापली. टाळ्या बी वाजल्या म्हनं."

मिडाझोलाम आता माझ्या पर्समध्ये असतं. लग्नाला जातानासुद्धा.