सवतीकडे गेलेला परवाना

सर्किटरावांचे खरे नाव कार्यशाळेत कोणालाच आठवत नव्हते. कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोल पॅनेल तिथे तयार होत आणि त्यांची सर्किटे संगणकावर आखून देणे हे त्यांचे काम, म्हणून ते सर्किटराव. शिवाय गृहस्थ जरा सर्किट होते, म्हणूनही सर्किटराव. त्यांना दोन्ही कारणे मान्य होती.

त्या दिवशी ते शीळ घालतच कामावर आले. संध्याकाळच्या गाडीने नवराबायको समुद्रावर निघाली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच! याआधी प्रत्येक वेळी बेत ठरला की कुठले तरी यंत्र रुसून बसे आणि बॅगा पुन्हा माळ्यावर चढत. त्यांची बायको इस्पितळात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने या खेपेला एकच अट घातली होती.

"समुद्र, तुम्ही आणि मी. सवत येणार असेल तर मी घरी थांबते. तुम्ही दोघं जा."

सवत म्हणजे लॅपटॉप. जेवताना, झोपताना नवऱ्याच्या मांडीवर तोच, म्हणून सिस्टरने त्याला हे नाव ठेवले होते. सर्किटरावांना ते इतके आवडले की त्यांनी लॅपटॉपमध्ये मशीनचे नाव म्हणून तेच टाकून दिले.

आता अट मान्य केली होती खरी, पण जित्याची खोड. समुद्रावर कामाची हुक्की आली तर? आखणीच्या सॉफ्टवेअरचा परवाना कार्यशाळेत एकच होता. जो सॉफ्टवेअर उघडेल त्याला तो मिळे, बंद केले की परत जागेवर जाई. बाहेरगावी न्यायचा असेल तर ‘उसना घ्या’ असे एक बटण होते. सर्किटराव कधी गावाबाहेर गेलेच नव्हते, त्यामुळे ते बटण कोरे करकरीत राहिले होते. आदल्या दिवशी निघताना त्यांनी लॅपटॉप कार्यशाळेच्या नेटवर्कला जोडून त्यावर ते हळूच दाबले. त्यांची समजूत अशी, की हे दिव्याने दिवा लावण्यासारखे असणार. हाही उजळला, तोही उजळला. घरी गेल्यावर लॅपटॉप आपल्या मोठ्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी बॅगेच्या तळाशी सारला. सकाळी बॅग उचलून पाहिली. वजन जागच्या जागी होते. म्हणून ती शीळ.

"सर्किटराव, शीळ आवरा," कार्यशाळेची मालकीण केबिनमधून बाहेर येत म्हणाली. तिला सगळे बाई म्हणत. "बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या यंत्राला पलीकडच्या टोकालाही थांबवायचं बटण हवंय. दुपारी त्या कारखान्याची माणसं ड्रॉइंग न्यायला येतायत."

"एका बटणाचं काम, बाई! चहा निवायच्या आत देतो."

त्यांनी सॉफ्टवेअर उघडले. पडद्यावर पाटी आली: ‘परवाना उपलब्ध नाही.’

चहा निवला. संगणक बंद करून चालू केला. तारीख बरोबर आहे का पाहिले. व्हायरस पकडणारा पहारेकरी थोडा वेळ सुट्टीवर पाठवला. पाटी हलेना. पॅनेलच्या तारा जोडणारा फिटर, ज्याला हातातल्या हत्यारामुळे पक्कड म्हणत, मागे येऊन उभा राहिला.

"एक चापट मारून बघा की."

"हा काय तुझा पंखा आहे?"

"पंखा निदान फिरतो तरी."

शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. सर्किटराव टेबलाखाली घुसून नेटवर्कची तार तपासत होते, म्हणून पक्कडने फोन स्पीकरवर ठेवला. तिथेच घात झाला. पलीकडची मुलगी दुरून त्यांचाच पडदा पाहत होती.

"सर, परवान्यात काही बिघाड नाही. दुसऱ्या एका मशीननं तो उसना नेलाय."

"कुठल्या मशीननं? नाव वाचा."

"सर... नाव जरा विचित्र आहे."

"अहो, वाचा हो!"

"सवत."

टेबलाखालून डोके आपटल्याचा आवाज आला. पक्कडच्या हातातली पक्कड खाली पडली.

"म्हणजे माझ्याकडे एक आणि इथे एक असं नाही होत?" टेबलाखालून क्षीण प्रश्न आला.

"नाही सर. शेजाऱ्यांना वाटीभर साखर दिली की आपल्या डब्यातली कमी होते ना, तसं. परवाना आता सवतीकडे आहे. तिनं स्वतः परत केला तरच येईल. तिला ऑफिसात आणा, नेटवर्कला जोडा आणि ‘परत करा’ दाबा. नाहीतर आठवडाभर तिच्याकडेच राहील."

"सवतीची मनधरणी करा!" पक्कडने भाषांतर केले. हसण्याचा असा पूर आला की बाईंनाही खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते बटण लागल्याशिवाय समुद्र नाही हं, सर्किटराव. त्या यंत्रापाशी माणसं उभी राहणार आहेत."

झाले! खरे सांगावे तर बायको घरी थांबणार, न सांगावे तर आपण इथे अडकणार. सर्किटरावांना एक युक्ती सुचली. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, बॅग घेऊन इकडेच ये ना. स्टेशन इथून जवळ पडतं. इथूनच जाऊ."

"बरं," सिस्टर म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की एखाद्या शहाण्या माणसाला तिथेच घाम फुटला असता.

ती आली. खांद्याला पिशवी, हातात बॅग.

"ये, ये! मी जरा तोंड धुवून घेतो. टॉवेल काढतो हं," असे म्हणत सर्किटरावांनी बॅगेच्या तळातून गुंडाळी ओढली आणि शेजारच्या खोलीत पळाले. घाईघाईने टॉवेल उलगडला.

आत भाजी चिरायची लाकडी फळी होती.

"काय हो?" दारातून आवाज आला. सिस्टर उभी होती. तिच्या मागे बाई, पक्कड आणि कार्यशाळेतली यच्चयावत डोकी. "टॉवेल जरा टणक लागला का?"

"तू... कधी..."

"चपला ठेवायला बॅग उपसली तेव्हा. वजन तेवढंच राहू दिलं. तुम्ही बॅग उचलून किती खूश झालात! आणि हे बघा, इतक्या वर्षांत मला एकदा तरी ऑफिसला बोलावलंत? आज बोलावलंत, तेव्हाच कळलं. बोलावणं मला नाही, तिला आहे."

सर्किटराव फळी छातीशी धरून उभे होते. त्यांनी मान खाली घालून सगळे सांगून टाकले: उसना, दिव्याने दिवा, एक बटण.

"कसलं बटण?"

"यंत्र थांबवायचं. कुणाचा हात अडकला, तर दाबायला."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा सारा खेळ क्षणात मावळला. असले हात तिच्या वॉर्डात येत. तिने खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

"हे आधी नाही का सांगायचं? बसा. आधी बटण."

तार जोडली, ‘परत करा’ दाबले. परवाना आला! पक्कडने अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरच्या कुत्र्याने तिला उत्तर दिले. सर्किटरावांनी बटण आखले, बाईंनी स्वतः तपासले आणि दुपारी आलेली माणसे ड्रॉइंग घेऊन गेली.

सर्किटरावांचा हात लॅपटॉपकडे वळला, तेवढ्यात सिस्टरने तो उचलून बाईंच्या हाती दिला.

"कपाटात कुलपात ठेवा. थोडे दिवस माहेरपण करू द्या हिचं."

"कौतुकानं करू!" बाई म्हणाल्या आणि किल्ली कमरेला खोचली.

गाडी सुटली तोच सर्किटरावांचा फोन वाजला. तो सिस्टरने उचलला. मदतकेंद्रातली तीच मुलगी होती.

"मॅडम, तक्रार मिटली का, तेवढं विचारायचं होतं. परवाना परत आला?"

"आला."

"मी नोंद करते. आपण कोण बोलताय?"

"थोरली," सिस्टर म्हणाली. पलीकडे ती पोर इतकी हसली की पुढचे विचारायचेच विसरली.

गडबडीत फळी मात्र टॉवेलासकट पुन्हा बॅगेत गेली होती. समुद्रावर पोचल्यावर दोघांनी वाळूत तिच्यावर कलिंगड कापले. सर्किटरावांनी रसाळ बोटाने फळीवर एक गोल काढला आणि त्यातून एक रेघ बाहेर नेली.

"हे काय?" सिस्टरने विचारले.

"काही नाही. थांबायचं बटण."

"मग दाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातली फोड पळवून पाण्याकडे धावत सुटली.