चार स्क्रूंमागची जनीन

एमिल हुडाकच्या तळघरात जायचं तर आधी साबणाने हात धुवावे लागत. बायको व्हेरना त्याला टोमणा मारायची, “पाद्रीबाबांपुढे जाताना कधी हात धुतले नाहीस, आणि त्या चेंडूवाल्यांपुढे जाताना कोपरापर्यंत धुतोस.” चेंडूवाले म्हणजे बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं. शाळकरी वयात च्युइंगगमच्या पुडीतून निघालेली, पुढे कार्डांच्या मेळ्यांमधून वेचून आणलेली, भिंतभर खोकी.

नदीकाठचं गाव, भिंतींना कायम ओल. म्हणून हवा कोरडी करणारं यंत्र बारा महिने घरघरत असे. खोकी जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, प्रत्येक कार्डाला पातळ पिशवी, वर कडक पाकीट. जी फारच लाडकी, ती प्लॅस्टिकच्या दोन जाड तावदानांमध्ये दाबलेली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. एमिलचा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. ढिला स्क्रू दिसला की स्वतःचा दात हलल्यासारखं त्याला वाटे.

त्या लाडक्यांमध्ये आठ जण नामांकित होते. नववी जनीन, त्याची मुलगी.

जनीन खेळायची त्या मुलींच्या संघाचे फोटो काढायला दर वसंतात फोटोवाला यायचा आणि प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या फोटोची डझनभर कार्डं छापून द्यायचा. एक्याण्णव साली जनीन सोळा वर्षांची होती. तीन सामने खेळली, मग रक्ताच्या कॅन्सरने अंथरूण धरलं आणि ऑक्टोबरात गेली. अकरा कार्डं नातेवाइकांत वाटली गेली आणि कुठल्या कुठल्या खणांत हरवली. बाराव्याच्या मागे तिने इस्पितळात पेनाने लिहिलं होतं, ‘बाबा, भाव चढला तरी विकू नकोस.’ एमिल त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता. कार्ड व्हेरनाने घरी आणलं.

त्याने ते त्याच रात्री स्क्रूंमध्ये बसवलं. पुढे तिच्या दर वाढदिवसाला तो खाली जाई आणि चारही स्क्रूंना जरा जरा पीळ देई. रडणं त्याला जमलं नाही, म्हणून तो स्क्रू पिळत होता. व्हेरनाने सुरुवातीला दोन-चारदा कार्ड हातात मागितलं. “हाताचं तेल लागतं गं,” म्हणून त्याने तावदानातूनच दाखवलं. मग तिने मागणं सोडलं.

चर्चच्या हॉलमधल्या मेळ्यात बेसिल कोटुला नावाच्या कार्डविक्रेत्याने त्याला एकदा सांगितलं होतं, की ते स्क्रू आता कोणी वापरत नाही, दाबाने कार्ड चपटं होतं, चकाकी प्लॅस्टिकला चिकटते. एमिल म्हणाला, तुला नवी पाकिटं खपवायचीत.

तेवीस वर्षं अशी गेली. व्हेरनाचे डोळे साखरेने हळूहळू नेले. मागच्या हिवाळ्यात उरलासुरला उजेडही गेला. एका रविवारी जेवायला बसताना ती म्हणाली, “फोटो आता मला काय दिसायचा? पण मागे तिनं पेनानं लिहिलंय, ते बोटांना लागेल. एकदा दे.”

एमिलने तेलाचं नाव काढलं नाही. तो खाली गेला.

स्क्रू निघेनात. जोर लावून काढले, तर मागचं तावदान सुटलं आणि पुढचं सुटेना. जनीनचा चेहरा प्लॅस्टिकला कायमचा चिकटला होता. त्याने मागच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई होती, पण पेनाने पडलेली रेघ कुठेच नव्हती. सगळं गुळगुळीत. दरवर्षी थोडं थोडं करून त्याने स्वतःच्या हातांनी ते पुसलं होतं. अति तिथे माती, ती अशी. तो स्टुलावर बसून राहिला. वरून व्हेरनाने हाक मारली, सूप निवतंय.

जुन्या अक्षरांवरून पेन फिरवणं हे कार्डवाल्यांत सगळ्यांत मोठं पाप. तसं करणाऱ्या एकाला खुद्द एमिलने मेळ्यातून हाकलून लावलं होतं. आता त्याने खिशातलं पेन काढलं आणि मुलीची अक्षरं एक एक करून गिरवली, दाबून.

वर आणून दिल्यावर व्हेरनाने अक्षरांवर बोट ठेवलं. ‘बाबा’ लागलं तशी ती हसली. मग बोट थांबलं, परत मागे आलं.

“हे तू लिहिलंस,” ती म्हणाली.

“अक्षर तिचंच आहे.”

“टेकायला काही नव्हतं रे तिथे. तिनं कार्ड माझ्या तळहातावर ठेवून लिहिलं. पेन मला जेमतेम कळत होतं. पोरीच्या हातात एवढा जोर उरला होता कुठे?”

हे तो तेवीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने सगळं सांगितलं, स्क्रू, पीळ, बेसिल. ती ऐकत राहिली. “मी मागत होते तेव्हा द्यायचं होतंस,” एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने आपला हात टेबलावर उताणा ठेवला, तिचं बोट त्यावर नेलं आणि म्हणाला, “कसं लिहिलं तिनं, दाखव.”

व्हेरनाने त्याच्या तळव्यावर बोटाने लिहायला घेतलं, पोरीने लिहिलं होतं तितकंच हलकं. लेथ सोडून वर्षं झाली तरी हाताचे घट्टे गेले नव्हते.

“कळतंय का?” तिने विचारलं.

“हो,” एमिल म्हणाला. त्याला काहीच कळत नव्हतं.