शाब्बास, पण सगळ्यांना सारखं

आमच्या शाळेच्या बालवर्गात मावशींनी तीस वर्षं मुलांची नाकं पुसली आणि उठता-बसता "शाब्बास!" म्हटलं. बुटाची नाडी बांधली, शाब्बास. रुमालात शिंकलास, शाब्बास. निवृत्तीनंतर त्यांच्या सख्ख्या भाचीनं त्यांना आपल्या मानसशास्त्राच्या प्रयोगात मदतीला घेतलं, तेव्हाच मला हसू फुटलं होतं.

संगीत ऐकलं की शब्द जास्त लक्षात राहतात का, हे भाचीला पाहायचं होतं. नाणं उडवून निम्म्यांना संगीत, निम्म्यांना शांतता. मग वीस शब्द वाचायला द्यायचे आणि किती आठवले ते मावशींनी मोजायचं.

निकाल घेऊन भाची जिन्यावरून उड्या मारतच आली. संगीतवाले सरासरी सोळा, शांततावाले नऊ! प्रबंध झाल्यातच जमा!

तिच्या सरांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला आणि पुढच्या पाळीला दाराला कान लावला. आत संगीत थांबलं. "खिडकी? शाब्बास! कात्री? शाब्बास गं बाई!" त्यानंतर शांततावाला आला. "नाही आठवत? असू दे हो. पाणी घ्या."

"मावशी, काय केलंस हे!" भाची रडकुंडीला आली.

"अगं, तुला संगीतवालेच जिंकायला हवे होते ना? आपसूक निघतं तोंडातून!"

"मग कोण कुठला ते तुम्हाला कळताच कामा नये," सर म्हणाले. "सगळ्यांच्या कानाला हेडफोन. आणि शाब्बास एक तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही."

'कुणालाच नाही' मावशींनी करून पाहिलं. तिसऱ्या माणसाच्या वेळी त्यांना उचकी लागली. मग सगळ्यांना, प्रत्येक शब्दाला, एकाच सुरात शाब्बास ठरलं.

नवा निकाल: दोन्हीकडे पंधरा.

"वर्ष पाण्यात गेलं," म्हणत भाचीनं टेबलावर डोकं टेकलं.

मावशी आकडे निरखत होत्या. "पण काय गं, शांततावाले नवावरून पंधरावर कसे चढले?"

भाचीनं डोकं वर केलं. सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

प्रबंधाचा विषयच बदलला: शाब्बास. या वेळी निम्म्यांना मावशींचा ध्वनिमुद्रित आवाज, निम्म्यांना काहीच नाही, आणि खुद्द मावशी थेट फाटकापाशी. तरीही शाब्बासवाले पुढेच.

सरांनी प्रबंधावर सही केली आणि भाचीला म्हणाले, "शाब्बास!"

"सर," मावशी दारातून ओरडल्या, "सगळ्यांना सारखं हं!"

मग सरांना मावशींबरोबर आलेल्या मला, शिपायाला आणि चुकून डोकावलेल्या पोस्टमनलाही, एकाच सुरात, शाब्बास म्हणावं लागलं.