रडूबाईचा रियाज

रडूबाई सकाळी अकरा वाजता रडायला बसत असे. वेळ ठरलेली, आसन ठरलेले. उजव्या हाताशी कोमट पाण्याचा पेला, समोर कागद आणि खिडक्या बंद. पाऊण तास ती हुंदके देई, मुसमुसे, मधूनच "नाही, असं होऊच शकत नाही!" असा टाहो फोडी, आणि मग एकाएकी थांबून, नाक शिंकरून, स्वच्छ आवाजात आईला विचारी, "आय, आज कालवण कशाचं?" इमारतीतील मुलांनी तिला रडूबाई हे नाव ठेवले आणि तिने ते आनंदाने स्वीकारले. "नावाप्रमाणे काम मिळत राहिलं म्हणजे झालं," असे ती म्हणे.

वसईत होळी नावाच्या बाजाराच्या बाजूला, केळीच्या वाडीला लागून आमची चार मजल्यांची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर माझे एकट्याचे बिऱ्हाड. महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापन संपले, सहधर्मचारिणीही पुढे गेली. त्यानंतर देवपूजा, वाचन आणि संध्याकाळी पाच-सहा मुलांना स्तोत्रांची संथा देणे एवढाच माझा व्यवहार उरला होता. शेजारच्या दारी या मायलेकी राहायला आल्या त्या अर्नाळ्याहून. वडिलांची होडी तिकडे, म्हणून ते तिकडेच असत; आईला मासळीच्या बाजारात बसायची जागा इकडे मिळाली होती.

त्या आल्याच्या तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मी पहिल्यांदा तो आक्रोश ऐकला. शेजारी दुःखद घटना घडली असावी आणि समाचारास न जाणे हा अधर्म ठरेल, असे वाटून मी धुतलेले उपरणे खांद्यावर घेतले व त्यांचे दार वाजवले. आई बाजारात गेली होती. मुलगी एकटी, डोळे लाल. मी बसलो आणि देहाची नश्वरता, आत्म्याचे अविनाशित्व, शोकाची मर्यादा हे सारे तिला समजेल अशा भाषेत अर्धा तास सांगितले. ती हात जोडून ऐकत होती. शेवटी मी हळूच विचारले, "कोण गेले, बाळ?"

"गुरुजी, गेलं कोणीच नाही," ती ओशाळून म्हणाली. "मी आवाज देते. हा सराव होता, एका जपानी मुलीचा. तिचा मित्र लढाईला गेलाय. पण तो सातव्या भागात परत येतो."

"मग मला मध्येच थांबवले का नाहीस?"

"तुम्ही एवढं मनापासून सांगत होता. आणि खरं सांगू? ऐकायला बरं वाटत होतं."

घरी येऊन उपरणे खुंटीला लावले आणि मी कितीतरी वेळ एकटाच हसत बसलो. त्या दिवसापासून तिचे माझ्याकडे येणे सुरू झाले. निमित्त उच्चारांचे होते. घरच्या बोलीत 'पानी' म्हणणाऱ्या जिभेला स्टुडिओत 'पाणी' म्हणावे लागे. ते काम तीन आठवड्यांत आटोपले, पण येणे राहिले.

तिचा व्यवसाय मला तिनेच समजावला. जपानी चित्रमालिका, ज्यांना ती अ‍ॅनिमे म्हणे, मराठीत येताना त्यांतील पात्रांना आपल्या माणसांचे आवाज द्यावे लागतात. पडद्यावरचे ओठ हलू लागले की बोलायचे, मिटले की थांबायचे. तीन वर्षे ती गर्दीतले आवाज देत होती. कधी बाजारातली बाई, कधी नायिकेची मैत्रीण, एकदा तर बोलणारा बेडूक. नायिका मात्र अजून वाट्याला आली नव्हती. ती येईल तेव्हा तयारी असावी म्हणून हा रोजचा रियाज.

तिने मला मोबाइलवर त्या नायिका दाखवल्या. आमच्या कवींनी सुंदरीचे नेत्र कानांपर्यंत पोचवले होते. जपानी चित्रकारांनी ते खाली गालांपर्यंतही आणले आहेत, आणि एवढ्या डोळ्यांत आसवे मावावीत कशी हा प्रश्न त्यांनी धबधब्याने सोडवला आहे. एक धनुर्धारिणी मला विशेष आवडली. एका बाणात ती डोंगराएवढा राक्षस पाडी. पण तिचा सखा दोन दिवस बोलला नाही की तिच्या हातून पाण्याचा पेलाही सुटे.

"बघा ना गुरुजी," रडूबाई चिडून म्हणे, "राक्षसाला घाबरत नाही आणि ह्या शेंबड्याने निरोप वाचला नाही म्हणून कोसळते! आमच्या बाजारात असली एक बाई दाखवा. गिऱ्हाईक पापलेट न घेता गेलं तर त्याच्या सात पिढ्या आठवतील, पण बसून रडणार नाही."

मी म्हणालो, "आपल्याकडेही फार निराळे नाही, बाळ. काव्यशास्त्रात नायिकांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि नायक जवळ आहे, दूर आहे, येणार आहे की रुसून गेला आहे, यावरून ते प्रकार पडले आहेत."

"म्हणजे तो वेळेवर आला की एक नायिका, उशिरा आला की दुसरी, आलाच नाही की तिसरी?"

"साधारण तसेच."

"अख्खं शास्त्र त्याच्या येण्याजाण्यावर? हे शास्त्र आहे की एसटीचं वेळापत्रक?"

ते आठ प्रकार मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मलाही तो सुचला नव्हता. त्या रात्री देवापुढे दिवा लावताना 'वेळापत्रक' आठवले आणि माझा जप दोनदा चुकला.

मग ती संधी आली. त्याच धनुर्धारिणीचा पुढचा भाग मराठीत यायचा होता आणि आधी आवाज देणारी मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती. रडूबाईला चाचणीसाठी बोलावणे आले. प्रसंग असा, की सखा कायमचा निघाला आहे आणि ती त्याला म्हणते, "जाऊ नकोस. एकटीने मला जमत नाही." दोनच वाक्ये. पण पहिल्या चाचणीहून ती परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"डायरेक्टर म्हणाले, तुझं 'जाऊ नकोस' ऐकून तो घाबरून थांबेल, प्रेमाने नाही. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलंय. शेवटचं." मग ती म्हणाली, "हा चान्स गेला, गुरुजी, तर मी आयुष्यभर बेडूक."

दुसऱ्या दिवसापासून तिने रियाज दुप्पट केला. भिंतीपलीकडे हुंदक्यांचे पूर येत. वरच्या मजल्यावरचे जोशी मला जिन्यात विचारत, "काय गुरुजी, आज सुतक किती वाजेपर्यंत?" तिचे रडणे मोठे होत होते, पण त्यात परावलंबन येत नव्हते. तिलाही ते कळे. "मला मनातून तिचा रागच येतो," ती म्हणे. "कोणावर एवढं टेकायचं कशाला?"

मी माझ्या परीने तोड सुचवली. शरणागतीविषयी आचार्यांनी दोन दृष्टांत दिले आहेत. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. दोघेही पूर्ण अवलंबून आहेत, आणि त्यात कुणालाच कमीपणा नाही. "तुझी धनुर्धारिणी यांपैकी कोण, ते ठरव. मग आवाज सापडेल."

तिने विचार केला. "पण गुरुजी, देव सोडून जात नाही. हा जातो."

दृष्टांत मात्र तिला आवडला. त्याच दिवसांत माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. माझे मी घालीन, असे मी मुलाला पुण्याला फोनवर ठणकावून सांगितले होते. ते थेंब कपाळावर, मिशीवर, एकदा पोथीवरही पडले, डोळ्यात क्वचितच. तिने ते पाहिले आणि बाटली हातातून काढून घेतली.

"मान वर करा. आता सांगा, तुम्ही माकडाचं पिल्लू की मांजराचं?"

"मी कोणाचेच नाही. माझे मी पाहतो."

"पाहता कुठे? एका डोळ्याला पट्टी आहे." आणि पट्टी सारून तिने सोडलेला थेंब अचूक पडला. "झालं. आता रडलात असं कोणाला वाटलं तर माझं नाव सांगा."

चाचणीला चार दिवस उरले होते. संध्याकाळी तिची आई बाजारातून परतून दारातच टोपली टेकवून बसली होती. मी चौकटीशी उभा होतो. लेकीकडे हनुवटीने खूण करून ती म्हणाली, "गुरुजी, माजी पोर रडायला शिकते आनि तुमी शिकवताव! आमच्यात तर होडी निघताना डोल्यांत पानी आनायचं नाय."

"मग तुम्ही काय करत असा?" मी विचारले.

"काय करनार? डबा घेतलास काय, इचारायची."

"आय तीन-तीनदा विचारायची," रडूबाई हसून म्हणाली. "बाबा चिडायचा. म्हणायचा, हातात दिसतोय ना डबा!"

"मला काय दिसत नव्हता?" आई टोपलीकडे बघत म्हणाली. "तो होडीत चडेपरेंत काय तरी बोलायला नको?"

रडूबाईचे हसू तिथेच थांबले. ती आईकडे बघत राहिली, मग उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, पण भिंतीपलीकडे शांतता. तिसऱ्या दिवशीही शांतता. जोशी जिन्यात काळजीने म्हणाले, "सगळं ठीक आहे ना तिकडे?" तिने हाय खाल्ली असे मला वाटले. विचारायचे धैर्य झाले नाही. तिच्यासाठी देवाला मात्र रोज एक आवर्तन अधिक केले.

चाचणीच्या दिवशी ती परतली ती थेट माझ्या दारात. "एक थेंब नाही काढला, गुरुजी! ती दोन वाक्यं मी डबा विचारल्यासारखी म्हटली. हळू. त्याच्याकडे न बघता. डायरेक्टरांनी काचेमागे मान खाली घातली. मला वाटलं, गेलं. मग म्हणाले, पुन्हा एकदा. पुन्हा म्हटलं. तर ते चष्मा पुसत बसले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नायिका!" आणि ज्या मुलीने तीन वर्षे ठरलेल्या वेळी अश्रू ढाळले, ती माझ्या उंबऱ्यावर बसून अवेळी, बेसूर, नाकातोंडातून रडली. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. यावेळी श्लोक सांगितला नाही.

ती मालिका आता संपूर्ण झाली आहे. तिची आई आणि मी ती माझ्या खोलीत पाहिली. धनुर्धारिणी राक्षस पाडी तेव्हा आई मांडीवर थाप मारून म्हणे, "हान त्याला!" सख्याविषयी तिचे मत शेवटपर्यंत वाईटच राहिले. माझे मात्र त्या जपानी नायिकांविषयीचे मत पालटले आहे. इतक्या मोठ्या डोळ्यांनी "मला तू हवास" असे तोंडावर सांगण्याला राक्षस पाडण्याहून कमी धैर्य लागत नाही, असे मला आता वाटते. मुलाचा फोन आला की मीही हल्ली "माझे ठीक चालले आहे" एवढ्यावर थांबत नाही. गुडघा दुखतो हे सांगतो. तो सुट्टी काढून आला तर आवडेल, हेही सांगतो.

काम मिळाले तशी तिची रोजची ये-जा अशक्य झाली. स्टुडिओ अंधेरीला, बोलावणे भल्या पहाटेचे. आणखी दोन मुलींबरोबर तिने तिकडेच खोली घेतली. ती निघाली त्या सकाळी आईने पिशव्या खाली रिक्षापर्यंत नेल्या, चार वाक्ये बोलली आणि लगबगीने वर येऊन माझ्या गॅलरीत माझ्याशेजारी उभी राहिली. खाली रडूबाई रिक्षात एक पाय ठेवत होती. माझ्या तोंडून आपोआप निघाले, "अगं, सावकाश जा!"

"गुरुजी!" आईने कपाळाला हात लावला. "जानाऱ्याला मागनं हाक मारतात काय? एवडं शिकलेलं मानूस तुमी!"

मी खजील झालो. पण प्रायश्चित्त ठरलेलेच होते: निघालेल्याने परत येऊन घटकाभर टेकायचे. रडूबाई रिक्षावाल्याला थांबायला सांगून तीन मजले चढून वर आली, धापा टाकत खुर्चीवर बसली, घोटभर पाणी प्याली. "मुद्दाम केलंत ना?" तिने मला विचारले. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाच मिनिटे झाली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि ती उठून गेली.

आम्ही पुन्हा गॅलरीत आलो. रिक्षा सुरू झाली. आईने पदराचे टोक हातात गुंडाळले होते आणि नजर खाली रस्त्यावर होती.

"गुरुजी," ती पुटपुटली, "अजून एकदा मारताव काय?"

मी कठडा दोन्ही हातांनी धरला, वाकलो आणि होता नव्हता तेवढा आवाज एकवटून हाक मारली.